पसंत पडलेलं पाऊल

गिरगावातल्या माझ्या सासूबाईंनी मला पसंत केलं ते चेहरा बघून नव्हे, शिक्षण विचारून तर नव्हेच. पाय बघून. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत कांदेपोहे खाऊन झाले आणि बाईंनी फर्मावलं, "मुलीला पाय भिजवून चालू द्या जरा." आई हळूच म्हणाली, "चल गो बाय, दाखव तेंका." मी मोरीत पाय भिजवले आणि कोब्यावरून चालले. बाई चष्मा सावरत वाकल्या. पावलाच्या ठशात कमानीची जागा कोरडी होती. "फताडी नाही हो," त्यांनी मुलाला सांगितलं. म्हैस बघायला आल्यासारखं! फताड्या पायाची सून घर बुडवते म्हणे. त्यांच्याकडे बुडवायला होतं काय, तर दोन खोल्या आणि आजोबांच्या साहेबी कचेरीतल्या कारकुनीच्या बढाया.

त्या घरातल्या ओट्याशी मी उभी राहिले ती राहिलेच. नोकरीवरून आलं की चपला दाराबाहेर आणि अनवाणी पायांनी थेट थंडगार लादीवर. पन्नाशीला उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. सूज आली, चप्पल आतल्या अंगाने झिजायला लागली. "वजन कमी कर," नवरा म्हणाला, तेही पलंगावर आडवं पडून, पोटावर शेवेची वाटी ठेवून. दादरच्या धाकट्या जाऊबाईंनी बाम पाठवला, अर्धा वापरलेला. मग एकदा वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला गेले, तर उजवी टाच वर उचलेचना.

परळच्या डॉक्टरणीनेही तेच करायला लावलं. एका पायावर उभं राहून टाच उचला. मी भिंतीला धरून कुथले, टाच ढिम्म. तिने सरळ सांगितलं, पायाची कमान उचलून धरणारा टेंडन झिजलाय. या वयात बायकांना होतं आणि पाय मुरगळला असेल म्हणून त्या अंगावर काढतात. अजून पाऊल हाताने वळवता येतंय, तोवर आतून आधार असलेले बूट आणि व्यायाम यांवर भागेल. ते एकदा ताठ होऊन बसलं की हाडं कापून स्क्रू घालायचे. "घरातसुद्धा अनवाणी नाही. ओट्याशी तर मुळीच नाही," ती म्हणाली.

मी बूट आणले. कोरे करकरीत, रस्ता न बघितलेले.

"वहाणा? स्वयंपाकघरात?" सासूबाई किंचाळल्या. "देव आहेत तिथे!"

"आईच्या मनाला लागेल गं," नवरा म्हणाला. "गौरी-गणपती होऊ देत, मग बघू."

वा रे वा! माझ्या हाडांनी मुहूर्त बघून थांबायचं. हाच माणूस मोबाईल घेऊन संडासात बसतो आणि तोच मोबाईल देवापुढे धरून आरती वाचतो. ते चालतं. सणात कटकट नको म्हणून बूट कपाटात गेले, आणि घोटा रोज संध्याकाळपर्यंत टम्म फुगू लागला.

गौर आणायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. आमच्याकडे गौर आणणारीच्या तळव्यांना कुंकवाचं पाणी लावतात आणि तिच्या पावलांचे ठसे दारापासून देवापर्यंत उमटतात. मी गौर घेऊन आत गेले, पाटावर ठेवली. मागे कुजबुज ऐकू आली म्हणून वळले. डावी पावलं कमरेत बारीक, लग्नात होती तशीच. उजवी म्हणजे तव्यावर पसरलेली घावनं.

सासूबाई आता ऐंशीच्या आहेत, पण नजर तीच. "अगंबाई, हे फताडं कुणाचं?"

"तुम्ही पसंत केलेलंच आहे, आई," मी म्हटलं. "तुमच्या ओट्याशी उभं राहून असं झालंय."

त्यांनी मान फिरवली. "पुसा ते. हाताने नीट काढा."

आणि माझा नवरा, ज्याने जन्मात कधी लादी पुसली नाही, तो फडकं घेऊन गुडघ्यांवर बसला. डावी ठेवली, उजवी तेवढी पुसली. अगदी निगुतीने. जाऊबाईंनी त्या जागी मुठीने सुबक पावलं उमटवली आणि फोटो काढला.

मला रडू नाही आलं, शिसारी आली. गौरीला नमस्कार केला, पाय धुतले, कपाटातून बूट काढले आणि ओट्यापाशी स्टुलावर बसून नाड्या आवळल्या.

"अरे, बघ ही काय करते!" सासूबाईंनी मुलाला हाक मारली.

"नैवेद्याच्या भाकऱ्या दुसरं कुणी थापत असेल तर आत्ता काढते," मी म्हटलं.

जाऊबाईंना तेवढ्यात फोन आला. नवरा फडकं पिळायला मोरीत गेला तो तिथेच रमला. मी भाकऱ्या थापल्या, शेपूची भाजी परतली. पाय ठणकला, पण रोजच्यापेक्षा कमी.

पानं वाढली तेव्हा बाटलं, विटाळलं म्हणणारं कुणी दिसलं नाही. सासूबाईंनी भाकरी दोनदा मागून घेतली.