सोडलेली काडी

घोडेगावच्या पुढं मासेमारीचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. आबा गेल्यावर भावानं त्यांचा मासे धरायचा बांबूचा पिंजरा तिथं दिला. काल पाहायला गेले. वाकून वास घेतला, अजून आमच्या चुलीचा धूर होता त्याला.

मी नऊ वर्षांची असेन. हंगामातले पहिले मासे आमच्यात नदीकाठीच शिजवून खायचे, घरी न्यायचे नाहीत. आईनं तीन दगडांवर कालवणाचं पातेलं चढवलं होतं. आबांनी पिंजरा पाण्यातून उचलला आणि एका फटीतून बारके मासे टपाटप परत नदीत पडले.

"आबा, हितं एक काडी ऱ्हायली!" मी ओरडले.

"ऱ्हायली न्हाई, मीच सोडली. बारक्यांना वाट नको व्हय?"

तेव्हा मला ते मासे वाया गेल्याचंच वाईट वाटलं होतं.

काल ती फट शोधली. तिथं चकचकीत तार ओवलेली.

"तुटलेला व्हता ताई, आमी नीट करून घेतला," तिथला माणूस कौतुकानं म्हणाला.

रडू काही आलं नाही. "छान झालाय," मी म्हटलं, आणि अभिप्रायाच्या वहीतही तेच लिहिलं.