तळाची जाळी

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे बेडूकआजोबा म्हणायचे. उभा जन्म पाण्याकाठी गेलेला, आणि शेवाळाशी हाडवैर. "पाणी हिरवं दिसलं म्हणजे उशीर झाला," ते म्हणायचे, "त्याआधी हाताला कळतं." रोज सकाळी बाही वर सारून भिंतीवरून तळवा फिरवायचे. बुळबुळीत लागलं की ब्रशने घासणं, मग ऊन उतरल्यावर क्लोरीन, आणि रात्रभर फिल्टर. शेवटी खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळातली काळी जाळी बघायची. ती दिसली म्हणजे पाणी तळापर्यंत स्वच्छ, तरच फाटक उघडायचं. हा नियम त्यांचाच, आणि मॅनेजरच्या नाकावर टिच्चून त्यांनी तो पाळला.

त्यांची लेक तिथेच मुलांना पोहायला शिकवायची. तिला पोहायला बाबांनी शिकवलं, नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. अलीकडे बाबा चहा कपाबाहेर ओतायचे, माणसं आवाजावरून ओळखायचे. "बाबा, चष्म्याला काजळ लावलंय का?" म्हणून ती हसायची. डॉक्टरकडे न्यायचं मात्र राहून जायचं. राहतंच की हो असलं सगळं!

त्या आठवड्यात शेवाळाने जोर धरला होता. बाबांनी दुप्पट क्लोरीन टाकलं. सकाळी भिंत हाताला खरखरीत लागली, म्हणजे शेवाळ मेलं. पण मेलं म्हणून ते जातं कुठे? बारीक होऊन पाण्यात तरंगत राहतं, पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं, आणि फिल्टर आणखी दिवस-दोन दिवस चालवावा लागतो. लेकीला हे बाबांनीच शिकवलेलं. पण त्या सकाळी काठावरून बाबाच म्हणाले, "दिसली जाळी. उघड."

पाण्यावर उन्हाची तिरीप होती, मुलं दारात कालवा करत होती. तिने फाटक उघडलं.

पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी सरकत सरकत खोल बाजूला गेली. लेकीने बुड्यांवर बुड्या मारल्या. पाण्यात स्वतःचा हात दिसेना. शेवटी बोटांना एक इवलंसं पाऊल लागलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

तलाव बंद झाला, चौकशी लागली. बाबांचं एकच पालुपद, "पाणी स्वच्छ होतं, जाळी दिसत होती." लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी स्वच्छ होतं म्हटलं की सगळं तिच्याच गळ्यात! सगळे विचारणार, बुडणारं पोर तुला स्वच्छ पाण्यात दिसलं नाही? दोघांचा जबाब दुसऱ्या दिवशी होता. स्वतःची कातडी वाचवायला म्हातारा पोटच्या पोरीला बुडवतोय, असंच तिला वाटलं, आणि तिने त्यांना दंडाला धरून तलावावर नेलं.

फिल्टरची मोटार बंद, क्लोरीन नाही, सगळं पाणी हिरवंगार झालेलं. पहिल्या पायरीच्या खालचं काही दिसत नव्हतं.

"सांगा आता. दिसते जाळी?"

बाबा सवयीने आधी खाली बसले. भिंतीवरून हात फिरवला. "शेवाळ धरलंय गं. बुळबुळीत लागतंय." मग काठावर उभे राहिले, मान जराशी तिरकी करून, रोज उभे राहायचे तसेच. "पण जाळी दिसते की. ती काय, तिथेच तर आहे."

त्यांनी बोट दाखवलं, ते अगदी बरोबर जागेवर.

तेव्हा लेकीला उमगलं. खोटं बोलत असते तर भांडता तरी आलं असतं. ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं जाळी बघितलेली, ती आता त्यांना डोळ्यांवाचूनही दिसत होती.

"काय झालं, पोरी? मी चुकीचं बोललो का?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही उद्या काही बोलू नका. मी सांगते."

"काय सांगणार?"

तिला रडू फुटलं. "की बाबांचे डोळे गेले होते. आणि माझे धडधाकट असून मी वाकून पाहिलं नाही."