एकाहत्तर एक

बाबा अकोल्याला शाळेत गणित शिकवायचे. उतारवयात ते आणि आई माझ्याकडे पुण्याला राहायला आले. मी सॉफ्टवेअर कंपनीत होते. दिवसभर मी ऑफिसात, आणि स्वारगेटजवळच्या त्या फ्लॅटमध्ये बाबांचा वेळ जाता जायचा नाही.

एकाहत्तराव्या वाढदिवशी त्यांनी कागदावर एका ओळीत एकाहत्तर एक लिहिले. म्हणाले, "ही एकच संख्या समज. हिचे अवयव पाड. मागच्या वर्षी सोपं होतं, सत्तर एकांच्या जोड्या पडतात, अकरानं लगेच भाग जातो. यंदा काहीच लागू पडून नाही राहिलं."

रविवार होता. मी इंटरनेटवरून फुकटचे प्रोग्रॅम उतरवले. लहान संख्यांपासून एकेकीने आम्ही भागत बसलो असतो तर जन्म पुरला नसता. उरले दोन मार्ग. एक नशिबाचा: दर फेरीला नवा डाव टाकायचा, अवयव लहान असला तर पटकन सापडतो, नाहीतर किती वेळ लागेल सांगता येत नाही. दुसरा चाळणीचा: लहानलहान समीकरणं गोळा करत राहायची, पुरेशी जमली की उत्तर मिळतं. सावकाश, पण भरवशाचं.

"पहिला लाव," बाबा म्हणाले. "त्यात मजा आहे."

दुपारपर्यंत ते पडद्यासमोरून हलले नाहीत. डावांमागून डाव फुकट गेले. शेवटी स्वतःच म्हणाले, "लाव तुझी चाळणी."

संध्याकाळी दोन अवयव पडद्यावर आले. एक तीस आकडी, दुसरा एक्केचाळीस आकडी. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मात्र आलेखाचा कागद मागवला. ते हाताने गुणून बघणार होते!

पुढचे कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर तो गुणाकार पसरलेला होता. आई म्हणायची, "अहो, ताट कुठं ठेवू?" एकदा बेरजेत मधेच दोन आला. "कॉम्प्युटर चुकून राहिला," बाबांनी जाहीर केलं. मग हातच्याची चूक त्यांची त्यांनाच सापडली आणि त्यांनी खोडरबर मागितलं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ते दारातच उभे. हातात कागद. तळाच्या ओळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते एक. "पाह्य," म्हणाले, "एकही हलला नाही."

बागेत रोज भेटणाऱ्या एका आजोबांना त्यांनी तो कागद दाखवला. ते म्हणाले, "छान. उपयोग काय?"

"काहीच नाही," बाबा खुशीत म्हणाले, आणि गुणाकार पहिल्यापासून समजावून सांगू लागले.