जिन्यातलं पेनसिल्व्हेनिया

अमेरिकेत मला काळं कुत्रं विचारत नाही. बहरीनमध्ये मी परका, आणि पुण्याच्या मतदार यादीत नाव असलं तरी मतदानासाठी विमान पकडून कोण जातो? माझ्या मताला किंमत उरली होती ती फक्त इथल्या मराठी मंडळात.

तरीही गेल्या अमेरिकन निवडणुकीत तिथली सात काठावरची राज्यं कोणाकडे जाणार, हे आमच्या अख्ख्या माहूज वस्तीत माझ्याइतकं छातीठोकपणे कोणी सांगत नव्हतं. माझा खास खबऱ्या म्हणजे पिट्सबर्गचा मेहुणा. तो व्हिसावर, त्यालाही तिथे मत नाही. पण फिरायला जाताना कुणाच्या अंगणात कुठल्या उमेदवाराची पाटी लागली, ते तो मोजून कळवायचा आणि मी एक्सेलमध्ये भरायचो.

निवडणुकीच्या आधीच्या शुक्रवारी मंडळाची वार्षिक सभा होती आणि अध्यक्षपदाला मी उभा होतो. ते पद मला मनापासून हवं होतं. अकरा वर्षं गणपतीत खुर्च्या मांडल्या होत्या मी. आजवर अध्यक्ष बिनविरोध व्हायचा. यंदा सित्राच्या एका कारखान्यातला सेफ्टी इंजिनिअर आडवा आला. माणूस घड्याळाचा गुलाम.

सभा सकाळी अकराला, एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर. बायको वर गेली. आमच्यात अकरा म्हणजे बारा, म्हणून मी जिन्यातच लॅपटॉप उघडला. माझ्या बाजूचे सहाजण भोवती जमले.

"साहेब, पेनसिल्व्हेनियाचं काय?" एकाने विचारलं.

झालं. तिकडे पहाटेचे चार वाजले होते, पण मी मेहुण्याला झोपेतून उठवून स्पीकरवर घेतलं.

"यल्ला, चला, वर जाऊ या का?" दुसरा म्हणाला.

"थांब रे, मिशिगन राहिलंय."

मिशिगन उरकून वर गेलो, तर बटाटेवडे वाटले जात होते आणि इंजिनिअर अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता. सभा अकराच्या ठोक्याला सुरू झाली होती. हात वर करून मतदान, पाच मिनिटांत खलास. त्याला सात, मला एक. आणि जिन्यात माझ्यासकट आम्ही सातजण! वेळेवर सभा घेणं मंडळाच्या परंपरेला धरून नाही, असा आक्षेप मी भर सभेत घेतला. लोक वडे खात हसले. पुढच्या आठवड्यात माझं पेनसिल्व्हेनियाही चुकलं, पण तोवर लोक मला विचारायचे थांबले होते.

त्या दिवशी सभेहून परतताना गाडीत मी बायकोवरच घसरलो.

"निदान फोन तरी करायचास," मी म्हणालो.

"तीनदा केला. एंगेज. माझ्याच भावाशी बोलत होतात ना?"

मी विषय बदलला. "तो एक हात कोणाचा होता?"

"कोणाचा असणार? मोजणी झाली, वहिनी, हात खाली घ्या, असं दोनदा सांगावं लागलं त्यांना. मी दाराकडे बघत होते."