धनत्रयोदशीची सही

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत आहे आणि बुधवारी बाजार भरतो, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक लगेच विचारतात, कोणते शेठ, कुठला खटला, आणि मग माझ्या दुकानात कामापेक्षा चौकशाच जास्त. मी पप्पू. झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, पासपोर्ट फोटो आणि सरकारने काढलेला प्रत्येक ऑनलाइन फॉर्म भरून देणारा. माझ्या समोर जिनेश गुंदेचा यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले म्हणतात, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. मी फॉर्ममध्ये चुका केल्या की तेच दाखवतात, आणि मला राग येतो.

शेठच्या दुकानाला लागून पोलीस चौकी आहे. ही एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात वाकडी पडली. चोरीचा माल सापडला की पोलिसांना पंचनामा करावा लागतो, आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. पंच म्हणजे तिऱ्हाईत माणूस. पोलिसांनी काय शोधलं, कुठे शोधलं, ते त्याने आपल्या डोळ्यांनी बघायचं, सही करायची, आणि पुढे कोर्टाने विचारलं तर सांगायचं. हवालदार तरी लांब कशाला जातील? शेजारी निर्व्यसनी माणूस बसलेला, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. "शेठ, या जरा." की शेठ चालले. त्यांना त्यात मान वाटायचा. मी चिडवायचो, "शेठ, तुमच्या दुकानाच्या पाटीवर पंच लिहून घ्या." ते हसायचे.

एका दिवाळीच्या आधी ठमाबाई टेमकरांच्या पाटल्या चोरीला गेल्या. ठमाबाई अवसरी बुद्रुककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मळ्यात एकट्या राहतात. नवरा सावळेराम जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी लगेच सांगितलं, चोर आमच्याच वस्तीवरचा आहे, मी त्याला खिडकीतून उडी टाकताना पाहिलं. पोलिसांनी त्याला पकडलं. त्याने विहिरीजवळ पुरलेल्या पाटल्या काढून दिल्या. सगळं सरळ होतं. फक्त तो दिवस धनत्रयोदशीचा होता.

धनत्रयोदशीला भांड्यांच्या दुकानात काय असतं ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. प्रत्येक घराला त्या दिवशी एक तरी नवं भांडं हवं असतं, आणि प्रत्येक भांड्यावर नाव टाकून हवं असतं. शेठकडे नाव कोरायचं छोटं मशीन आहे, ते त्या दिवशी बंद म्हणून होत नाही. हवालदार आले तेव्हा दारात बायकांची रांग होती. शेठ म्हणाले, "साहेब, आज नाही जमणार. तुम्ही करून या, मी सही करतो." हवालदारांनाही बंदोबस्त होता. संध्याकाळी ते कागद घेऊन आले आणि शेठनी कढयांच्या चळतीवर ठेवून सही केली. एवढीच गोष्ट.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर दुसरे पंच वारले होते. राहिले शेठ. आरोपीच्या वकिलाने साधा प्रश्न विचारला, "पाटल्या विहिरीच्या कोणत्या बाजूला सापडल्या?" शेठनी शपथ घेतलेली. त्यांच्या घरात खोटं बोलणं म्हणजे काय ते पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. ते म्हणाले, "मी तिथे नव्हतो. धनत्रयोदशी होती. मी दुकानात होतो."

कोर्टात असा पंच उलटला की त्याला फितूर म्हणतात. आरोपी सुटला. पाटल्या ठमाबाईंना आधीच ताब्यात मिळाल्या होत्या, त्या त्यांच्याकडेच राहिल्या. पण तो गडी वस्तीवर परत आला आणि सांगत सुटला की म्हातारीने भावकीच्या रागातून माझ्यावर आळ घेतला, कोर्टानेच तिला खोटं पाडलं. लोकांना तेवढंच हवं असतं. ठमाबाईंनी पाटल्या डब्यात टाकल्या आणि हात मोकळे ठेवले.

निकालानंतरच्या बुधवारी त्या शेठकडे पातेलं घ्यायला आल्या. मी समोरूनच बघत होतो. त्या भांडतील असं मला वाटलं होतं, निदान मी तरी भांडलो असतो. शेठनी नेहमीसारखं विचारलं, "मावशी, नाव टाकू ना?"

"नाव नगं," ठमाबाई म्हणाल्या. "माझ्या नावाला आता कोन इचारतंय?" मग पिशवीत पातेलं घालता घालता म्हणाल्या, "तुमी खरं बोललात शेठ. तुमचा दोष न्हाई. पन तुमच्या खऱ्यानं माझं खरं खोटं झालं बगा."

 त्यानंतर कितीतरी दिवस शेठचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नसायचं. मला मनापासून वाईट वाटत होतं. एके दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पप्पूभाऊ, गुन्हा, तपास, कोर्ट, हे सगळं शिकवणारं घरबसल्या काही असतं का? दुकान बंद न करता? आणि परवडेल असं?"

"वकील व्हायचंय का या वयात?"

"नाही. मी सही केली तेव्हा नेमकं काय तुटलं, ते मला कळलं पाहिजे."

शेठ बारावीनंतर कॉलेजात एक वर्ष जाऊन दुकानात बसलेले. आम्ही शोध सुरू केला. वकिलीचं शिक्षण घरी बसून होत नाही, कॉलेजात हजेरी लागते, म्हणून ते बाजूला पडलं. एक मोठं खाजगी विद्यापीठ निघालं, त्याची फी ऐकून शेठ म्हणाले, "एवढ्यात मी स्टीलचा अर्धा ट्रक भरतो." शिवाय सगळं इंग्रजीत. एकदा नंबर टाकला म्हणून मग रोज फोन. मुली हिंदीत गोड बोलायच्या, "सर, आजच सीट पक्की करा." शेठ प्रत्येकीला शांतपणे एकच विचारायचे, "तुमच्याकडे कोणी नापास होतं का?"

त्या गडबडायच्या. एकीने फोनच ठेवला.

माझ्या ओळखीचा एक एजंट होता. त्याचं म्हणणं, अभ्यास नको, परीक्षा नको, पैसे भरा, पदवी कुरियरने येईल. मला त्यात माणशी कमिशन मिळत होतं, ते मी लपवून ठेवत नाही. मी शेठना म्हटलं, "फी कमी आहे, डोक्याला ताप नाही, घेऊन टाका."

शेठनी फोनवर त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो जोरात म्हणाला, "शंभर टक्के गॅरंटी शेठ, आपल्याकडं नापास कोणीच न्हाई!"

"मग नको," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "न बघता सही मी एकदा केलीय, पप्पूभाऊ."  कमिशन बुडालं म्हणून मी चरफडत झेरॉक्स काढायला लागलो.

शेवटी मुक्त शिक्षणाचा एक सरकारमान्य अभ्यासक्रम सापडला. तीन वर्षांचा, गुन्हे आणि न्यायव्यवस्था हाच विषय, पुस्तकं मराठीत, व्याख्यानं ऑनलाइन, आणि फी शेठ हप्त्याहप्त्याने भरू शकतील अशी. परीक्षा मात्र समोर बसून, जुन्नरच्या केंद्रावर. तिथल्या बाईंनी शेठच्या प्रश्नाला ठणकावून उत्तर दिलं, "होतात की नापास. पुष्कळ होतात." शेठ एकदम खूश. मान्यतेच्या यादीत नाव आहे का ते त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं आणि मगच फॉर्म भरला.

त्यांच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, चूल लवकर निवते. त्याचा असा फायदा होईल हे कोणाला ठाऊक? दिवेलागणीला त्यांच्या बायको राखीवहिनी गल्ल्यावर येऊन बसायच्या आणि शेठ मागे पिंपांच्या आड मोबाईल लावून व्याख्यान ऐकायचे. वहिनी आधी कुरकुरल्या होत्या. नंतर त्याच गिऱ्हाइकाला सांगायला लागल्या, "हळू बोला, यांचा तास चालू आहे." पहिल्या वर्षी शेठ एका विषयात नापासही झाले. परीक्षा खरी आहे म्हणून इतके खूश, की पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पुन्हा बसून तो विषय सोडवला.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेची गोष्ट. शेठ त्या सकाळी माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते, मी त्यांना जुन्नरला सोडणार होतो. गाडी चालू केली तेवढ्यात चौकीतले हवालदार आले. हे नवीन होते, आधीचे बदलून गेले. विहिरींवरच्या मोटारींच्या केबल चोरणारा एकजण सापडला होता, आणि ओढ्याकाठी लपवलेली तांब्याची तार तो दाखवायला तयार होता. सकाळीच जायचं होतं. पंच हवे होते.

"साहेब, त्यांचा पेपर आहे," मी आधीच सांगून टाकलं.

हवालदार भला माणूस. म्हणाले, "मग जावा की. हल्ली पंचनाम्याचं मोबाईलवर शूटिंग लागतं, संध्याकाळी या, सहीचं तेवढं घेऊ. शेठ काय, घरचंच मानूस."

शेठ गाडीवरून उतरले. मी म्हटलं, "अहो, वर्षभर घासलीय तुम्ही! दुसरा कोणीतरी शोधतील ते." ते म्हणाले, "दुसरा असाच कोणीतरी सही करेल, पप्पूभाऊ." आणि जीपकडे चालायला लागले. मला इतका संताप आला की मी हेल्मेट टाकीवर आपटलं. मग काय करणार, गेलो मागोमाग.

ओढा ठमाबाईंच्या मळ्याला लागून. बघे जमलेले. दुसरे पंच काही मिळत नव्हते. कोर्टाचं नाव काढलं की लोक मागे सरकतात. बांधावर ठमाबाई गवत कापत होत्या. शेठ म्हणाले, "साहेब, या मावशींना घ्या."

"त्यांना लिहिता येतं का?"

"बघता येतं. लिहिलेलं वाचून दाखवा आणि अंगठा घ्या. चालतं ते."

गर्दीतून कोणीतरी हसून म्हणालं, "ही व्हय? राव, हिला तर कोर्टानं खोटी ठरवलीय."

ठमाबाईंनी खुरपं तसंच धरून ठेवलं. खाली बघत राहिल्या. शेठनी जन्मात कधी आवाज चढवला नसेल, त्या दिवशीही फार चढवला नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "त्या खोट्या नव्हत्या. चोर त्यांनी बघितला होता. न बघता सही केली ती मी. खोटी माझी सही होती, यांचा शब्द नाही."

 मी मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली.

ठमाबाई खुरपं ठेवून ओढ्यात उतरल्या. आरोपीने जागा दाखवली, माती उकरली, तारेची वेटोळी निघाली, वजन झालं. त्या दर खेपेला पुढे वाकून बघत होत्या. ऊन वर आलं, जुन्नरला पेपर सुरू झाला असेल, शेठ आपले मातीत उभे. शेवटी हवालदारांनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. ठमाबाईंनी हात मागे घेतला.

"पुन्यांदा वाचा. जांभळीखाली म्हनलात तुमी. जांभळ त्ये तिकडं. हितं करंज हाय."

हवालदारांनी वर पाहिलं, हसले, आणि खोडून बरोबर लिहिलं. मग ठमाबाईंनी अंगठा दिला आणि शेठनी सही केली.

पेपर बुडाला तो बुडालाच. पुढच्या सत्रात परत द्यावा लागणार, फी पुन्हा भरावी लागणार. मी येताना रस्ताभर शेठना बोलत होतो. ते एवढंच म्हणाले, "अभ्यास झालेलाच आहे, भाऊ. तो कुठे जातोय?"

पुढच्या बुधवारी मी दुकान उघडत होतो तेव्हा ठमाबाई शेठच्या पायरीवर आधीच बसलेल्या. मांडीवर पातेलं, तेच, बुडाला वापरून काळं झालेलं. हातात पाटल्या होत्या. शेठ आले, कुलूप काढलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मशीनची वायर लावली.

"काय टाकू, मावशी?"

"ठमाबाई सावळेराम टेमकर," त्या म्हणाल्या. "सगळं नाव टाका. मोठ्या अक्षरात."