पैलवानाच्या शिंगावरचे पंधरा पोळे

आष्टीकडच्या माळावर जखमी जनावरांचं एक आश्रयकेंद्र आहे. तिथला राखणदार राधाकिशन बोलायला बसला की समोरच्याचा चहा दोनदा गरम करावा लागतो. त्याचं लाडकं काळवीट म्हणजे पैलवान. आला तेव्हा मांजराएवढा, कुत्र्यांनी मागचा पाय फाडलेला. नाव मात्र पैलवान! राधाकिशननं बाटलीनं दूध पाजून त्याला जगवला. पाय अधूच राहिला, म्हणून माळावर काही सोडता आला नाही.

परवाच्या उन्हाळ्यात केंद्रावर जनावरांच्या नव्या डॉक्टर आल्या, वर्षाराणी मॅडम. केजच्या शेतकऱ्याची लेक. बघतात तर जुनी नोंदवही वाळवीनं फस्त केलेली.

"मामा, ह्याचं वय?"

"सोळा."

"माळावरचं काळवीट दहा-बारा वर्षं जगलं तरी खूप झालं."

"माळावर लांडगा हाय, कुत्री हायेत, उन्हाळ्यात पाण्याचा थेंब न्हाई. हितं येळेवर घास, डोक्यावर सावली, आन् शिंकला तरी डॉक्टर. मरंल कावून?"

मॅडम हसल्या, पण पेन हललं नाही. "बंदिस्त जनावर जास्त जगतं, कबूल. पण सोळा? जुनं मेलं आणि तुम्ही गुपचूप दुसरं आणून ठेवलं, असं तर नाही ना? तसं असेल तर बिननोंदीचं म्हणून ह्याला शहरातल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात पाठवावं लागेल."

राधाकिशनकडं पुरावा होता, पण पुरावा हाच गुन्हा होता. त्यानं पैलवानाकडं पाहिलं. पैलवान निवांत रवंथ करत होता.

"मॅडम, माझी नोकरी गेली तरी चालंल, ह्याला नेऊ नका. ब्लेड हाय का?"

गोष्ट अशी की, राधाकिशननं बैलजोडी विकली त्या सालापासून पोळ्याला हातात ब्रश असायचा अन् रंगवायला शिंग नसायचं. मग पैलवानाच्या डाव्या शिंगाच्या टोकाला तो दोन बोटं पट्टा ओढायचा. तपासणीला कुणी आलं की वर चिखल थापायचा. बायको छबुबाई म्हणायची, "बैलं गेली, आता हरणाला नवरदेव करा!"

मॅडमनी चिखल पुसला, ब्लेडनं हलकेच रंग खरवडला. एकाखाली एक थर.

"हा हिरवा कोरोनाच्या साली. दुकानं बंद, शेजाऱ्याच्या दाराचा उरलेला. हा गुलाबी लेकीच्या लग्नाचा, मांडवाच्या खांबाचा..."

"मामा, मोजू द्या!"

पंधरा थर निघाले. शिंगं फुटण्याआधीचं एक वर्ष धरून सोळा. मॅडमनी नव्या वहीत वय लिहिलं आणि डोळे वटारले. "जंगली जनावराला रंग? आमच्या घरीसुद्धा पोळा असतो, म्हणून ह्या खेपेला सोडते. आजपासून बंद!"

"मग सतरावं कळंल कसं?"

"दर पोळ्याला फोटो पाठवायचा."

पोळ्याला फोटो आला. पैलवानाची शिंगं लख्ख, स्वच्छ. मॅडमना बरं वाटलं. मग त्यांनी फोटो जरा मोठा करून पाहिला. शेजारी राधाकिशन ताठ उभा होता, आणि त्याच्या काठीच्या टोकाला दोन बोटं निळा पट्टा होता.