खिशातलं ज्याचं त्याला

माझी ताई कपडे दुरुस्त करून देते. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, तुटलेली चेन बदल, असली कामं. दुकान आम्हा दोघींचं. अर्ध्यात तिचं शिलाई मशीन, अर्ध्यात माझं इस्त्रीचं टेबल, आणि मधे साधा पडदासुद्धा नाही. त्यामुळे तिच्या घरातलं काही माझ्यापासून लपत नाही, असं मला वाटायचं.

कपडा हातात आला की ताई आधी माप बघत नाही, खिसे बघते. चुरगळलेली नोट निघो, किल्ली निघो, नाहीतर अर्धं चघळलेलं चॉकलेट, ते चिंधीच्या पिशवीत घालून त्याच कपड्याला टाचून ठेवते. गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला आठवतही नसतं. ताईचं म्हणणं एकच, "खिशातलं ज्याचं त्याला." एकदा मला सुट्टे हवे होते म्हणून अशा एका पिशवीतली नाणी घेऊन तेवढ्याचीच नोट ठेवायला गेले, तर सगळ्यांसमोर माझ्या हातावर फटका बसला. चाळिशीतल्या बाईला!

तिची मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की दुकानात बसून बटणं रंगांप्रमाणे निवडते, म्हणून आम्ही तिला गुंडी म्हणतो. या कामाचे ताई तिला पैसे द्यायची, आणि ते गुंडी कुठेतरी ठेवून विसरायची. मग भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बँकेतून लहान मुलांचं प्रीपेड कार्ड आणलं. निळं, वर मासा काढलेला. आईबापांनी त्यात पैसे भरायचे, पोरांनी त्यातलेच खर्च करायचे, संपले की संपले. पैशाची अक्कल आपोआप येते म्हणे. ताईचा फोन जुना, नुसता बोलण्यापुरता. म्हणून कार्डाचं ॲप, म्हणजे त्याची किल्लीच, भावजींच्या फोनात राहिली. ताई गुंडीच्या कमाईचे पैसे त्यांच्या हातात द्यायची आणि ते कार्डात भरायचे. गावभरच्या खिशांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्या माझ्या बहिणीला या एका खिशाकडे बघावंसं वाटलं नाही. नवऱ्यावर कोण संशय घेतं?

कार्ड दिलं त्या दिवशी तिने गुंडीला समोर बसवून सांगितलं, "हे तुझे. यांना मी हात लावणार नाही, बाबा लावणार नाहीत. माझा शब्द आहे." गुंडीला चाकांचे बूट हवे होते. समोरच्या खेळाच्या दुकानात काचेआड मांडलेले, लाल चाकांचे. येताजाता ती काचेला नाक लावायची.

भावजी घरोघर पार्सलं पोचवतात. माणूस हसतमुख, हात सढळ, दोस्तांत बसला की सगळ्यांच्या चहाचे पैसे हाच देणार. ताईच्या वाढदिवसाला त्यांनी तिला भारीतली कात्री आणली. जाड कापडाचे चार थर एका दमात कापणारी. ताईने ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. "लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या कामाचं काहीतरी आणलंय," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. गुंडी बटणांचा डबा मांडीवर घेऊन खाली बघत होती.

त्यानंतर बुटांचं नाव काढलं की गुंडी म्हणायची, "अजून थोडे जमू देत." ताईला कोण कौतुक! पोरगी धीर धरायला शिकली, कार्डाचा गुण आला, असं मला दिवसातून दोनदा ऐकवायची. शेवटी समोरच्या दुकानदाराने सांगितलं की तिच्या मापाचा एकच जोड उरलाय. ताईने मशीन थांबवलं, गुंडीचा हात धरला आणि निघाली. मीही मजा बघायला मागोमाग गेले.

दुकानदाराने कार्ड लावलं. चाललं नाही. पुन्हा लावलं. "शिल्लक नाही," तो म्हणाला.

"तुमचं मशीन बिघडलंय," ताई कडाडली. "पोरीने महिनोन्‌महिने जमवलेत. नीट बघा!"

गुंडीने तिची ओढणी ओढली. "आई, चल ना. नाहीयेत त्यात."

बाहेर फुटपाथवर तिने सगळं सांगितलं. बाबांनी कात्रीसाठी घेतले, तेव्हा म्हणाले, आईला सांगू नकोस, गंमत आहे. "मग तू इतकी खूश झालीस. मग मी कसं सांगू?" नंतर ते न सांगताच घेत राहिले. तिला बाबांच्या फोनात आकडा कमी होताना दिसायचा. एवढीशी पोर आईच्या आनंदापायी तोंड शिवून बसली होती, आणि आई त्याला धीर समजत होती.

संध्याकाळी भावजी शीळ घालत आले.

"गुंडीचे पैसे कुठे गेले?" ताईने विचारलं.

"अगं, ते होय! लागले तसे घेतले थोडे थोडे. घरातल्या घरातच ना? पालकांना परत काढून घेता येतात, त्यात सोयच आहे तशी."

"माझी कात्री तिच्या पैशांची आहे?"

"तुला आवडली ना पण?" हे ते हसून म्हणाले. माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, ती मी मुकाट्याने खाली ठेवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर विचारायचं, आवडलं का.

ताई ओरडली नाही. "मी तिला शब्द दिला होता," एवढंच म्हणाली. "तो तुम्ही माझ्या नकळत खाल्लात."

भावजींनी आठवड्याभरात पैसे पुन्हा भरले, मोठ्या ऐटीत. गुंडीने कार्डाला हात लावला नाही. ताईने ती कात्री चिंधीच्या पिशवीत घालून तिच्यापुढे ठेवली. "ही तुझी आहे. तुझ्या पैशांची."

"मला बूट हवे होते," गुंडी म्हणाली. तोवर तो शेवटचा जोड विकला गेला होता.

आता ताई गुंडीला तिची कमाई रोख देते. परवा गुंडी म्हणाली, "आई, मला खिसा शिवायला शिकव. दप्तराच्या आत." ताई हरखली. जाड कापडाचा चौकोन कापून दिला, टाका दाखवला. गुंडीने आत पैसे ठेवले आणि तीन बाजू जीव लावून शिवल्या.

"बास. वरची बाजू मोकळी ठेवायची," ताई म्हणाली.

"नाही. तीपण शिवायची."

"अगं मग पैसे काढशील कसे?"

"उसवून. म्हणजे दुसऱ्या कुणी काढले तर मला दिसेल."

"इथे आता कोण काढणार आहे, राणी?" ताई हसत म्हणाली. "इथे मीच तर आहे."

मान खाली घालून गुंडीने चौथी बाजू शिवायला घेतली. टाके जवळजवळ, घट्ट. ताईचं हसू हळूहळू मावळलं. शेवटची गाठ मारून झाल्यावर ताईने तीच कात्री पुढे केली. गुंडीने दोरा दातांनी तोडला.